आशूला, सोनोग्राफीच्या आधी

आशू बाळा, जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू जे बोललास त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण पप्पा शेजारी बसले होते आणि तू स्पीकरवर होतास, शिवाय मी जरा मुद्द्यावर आले की तू "आई मीटिंग आहे, नंतर करतो" म्हणून फोन ठेवतोस हे मला आता पाठ झालंय. म्हणून टाइप करतेय. डावा हात फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडलेला, डायलिसिसच्या मशीनवर असताना तो हलवायचा नसतो, त्यामुळे उजव्या अंगठ्यावरच सगळी भिस्त आहे, चुका दिसतील, वाच तशाच. एका दमात होणार नाही, सोमवार बुधवार शुक्रवार जसं जमेल तसं लिहीन आणि मग एकदम पाठवीन.

तू म्हणालास, आई तू कशाचे एवढे आभार मानत असतेस गं, आठवड्यातनं तीनदा चार चार तास सुया टोचून पडून राहतेस, पाणी मोजून पितेस, रात्रभर अंग खाजवत बसतेस आणि रविवारी उपासनेत उभी राहून साक्ष देतेस की प्रभू भला आहे, मला ते ऐकवत नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, माझी किडनी घे आणि हे सगळं संपव एकदाचं.

आधी किडनीचं बोलते कारण ते सोपं आहे. तुझी किडनी मला आत्ता नकोय. तुझ्या प्रेमाला नाही म्हणत नाहीये मी, पण तू ती द्यायला निघालास आणि ती धड आहे का नाही हेच तू बघितलेलं नाहीस. हा आजार माझ्या एकटीचा नाही रे, घराण्यातला आहे, पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात तो. दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याचे फुगे होतात, ते वर्षानुवर्षं वाढत जातात आणि कामाचा भाग दाबून टाकतात. चांगली किडनी मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपास, ह्या आजारात ती किलोच्या मापात जाऊ शकते, माझं पोट बघून शेजारच्या मावशी विचारायच्या ना गॅस झालाय का, तो गॅस नव्हता. आईला किंवा वडलांना असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. आणि तिशीपर्यंत बहुतेकांना काहीच कळत नाही, फक्त बीपी हळूच वर सरकतं. तुझ्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १४०/९० आलं होतं आणि तू म्हणालास जागरणामुळे. असेल जागरणामुळे. पण मी आयुष्यभर वॉर्डात बीपी मोजलेत, मला तो आकडा ऐकून त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणजे तुझी तपासणी माझ्यासाठी नाहीये, हे डोक्यात नीट घे. तुझ्यासाठी आहे. डोनर म्हणून तुला उभं करायचं झालं तरी डॉक्टर आधी तेच करणार, आणि पप्पांना शुगरमुळे त्यांनी कधीच बाद केलंय. लवकर कळलं तर बीपी धरून ठेवता येतं, मीठ कमी, पाणी भरपूर, पेनकिलर मनाने घ्यायच्या नाहीत, आणि आता टोलव्हॅप्टान नावाची गोळी आहे जी काही पेशंटमध्ये ह्या गाठींची वाढ हळू करते, लघवीला सारखं पळावं लागतं म्हणे पण चालतंय की. माझ्या वेळेला ही गोळी नव्हती, आप्पांच्या, माझ्या वडलांच्या वेळेला तर आजाराचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं. अंगावर सूज आली, श्वास लागला, गेले. मी तेव्हा मिरजेला वान्लेस हॉस्पिटलात ट्रेनिंगला होते, तार आली तेव्हा नाइट ड्यूटी चालू होती.

आता आप्पांवरनं आठवलं ते सांगते कारण तुला ते माहीत असायला पाहिजे, उद्या तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुलाही लोक तेच ऐकवणार आहेत. आप्पा गेले तेव्हा गावातली भावकी म्हणाली, तुमच्या पणज्यानं कुळदैवत सोडून मिशनऱ्यांचा धर्म घेतला, देवाचा कोप आहे, पिढ्यान्पिढ्या भोगावं लागणार. बरं, ते एक वेळ समजू शकते. पण आपल्या चर्चच्या मंडळीतल्याच एका बाईंनी मातीच्या दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं की वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत जातं असं दहा आज्ञांतच लिहिलंय, काहीतरी कबूल करायचं राहिलं असेल. देवळं वेगळी, निदान एकच! आजी पुढं कित्येक वर्षं तिच्या सासऱ्यानं काय केलं असेल ते शोधत बसली होती.

त्या बाईंनी बायबल तिथंच मिटलं हा घोळ झाला. यहेज्केलच्या १८ व्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की वडिलांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले ही म्हण तुमच्यात परत ऐकू येता कामा नये, ज्याचं पाप त्याच्याकडे. आणि योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांधळ्याकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापानं? येशू सरळ म्हणतो, ह्यानंही नाही आणि आईबापानंही नाही. मी नर्स आहे, दात आंबतात हे मी नाकारणार नाही, माझ्या रक्तातलं तुझ्या रक्तात आलं असेल तर आलं असेल. पण गुन्हा उतरत नाही. म्हणून मी तुला सॉरी म्हणणार नाहीये आशू. तू त्या दिवशी वाट बघत होतास का त्याची? मी काही केलेलं नाही, आप्पांनीही नाही, एका जीनमध्ये बिघाड आहे आणि तो मी तुला निवडून दिलेला नाही. मी सॉरी म्हणाले तर तू मला माफ करणार आणि मग आपण दोघं त्या बाईंच्या बाजूला जाऊन बसणार, ते मला मान्य नाही.

(बुधवार. आज सुई एका फटक्यात लागली, मूड चांगला आहे.)

तुला एक गोष्ट सांगते, मशीनवर पडल्या पडल्या मी ह्या मशीनबद्दल खूप वाचलंय, दुसरं करणार काय. पहिलं चालणारं डायलिसिस मशीन कोल्फ नावाच्या डॉक्टरनं १९४३ मध्ये हॉलंडमध्ये बनवलं, महायुद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, काही सामान मिळत नाही, तर त्यानं सॉसेजच्या सालीसाठी वापरतात तो सेलोफेन ड्रमवर गुंडाळून त्यातनं रक्त फिरवलं. सुरुवातीचे पंधरा-सोळा पेशंट जवळजवळ सगळे गेले. १९४५ मध्ये पहिली खरी वाचली ती ६७ वर्षांची एक बाई, आणि ती कोण, तर नाझींना साथ दिली म्हणून कैदेत टाकलेली. गावात कुणाला तिचं तोंड बघायचं नव्हतं. कोल्फ स्वतः जर्मनांच्या विरोधातला, त्यानं तिला मशीनवर घेतलं, ती शुद्धीवर आली, आणि पुढं काही वर्षं जगली.

आता दुसरी गोष्ट बघ. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरनं हातात कायमची नळी ठेवायची युक्ती काढली, त्यामुळे पेशंट वर्षानुवर्षं डायलिसिसवर राहू शकतो हे पहिल्यांदा दिसलं. पण मशीन मोजकी आणि मरणारे ढीगभर. मग सात जणांची एक कमिटी नेमली, वकील, बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी असे, आणि त्यात एक पाळकही. त्यांनी ठरवायचं कुणाला मशीन आणि कुणाला घरी पाठवायचं. लोक तिला देवाची कमिटी म्हणायला लागले. ते काय बघायचे, तर वय, लग्न झालंय का, पोरं किती, शिक्षण, नोकरी, बँकेत पैसे किती, आणि चर्चला जातो का. १९६२ मध्ये हे मासिकात छापून आलं तेव्हा बोंब झाली, आणि १९७२ मध्ये तिथल्या सरकारनं जवळजवळ सगळ्यांचा खर्च उचलायचा कायदा केला, कमिटीची गरजच संपली.

मला ते वाचून अंगावर काटा आला, आणि तो एवढ्यासाठी की आपल्यातले कितीतरी विश्वासी देवाला त्याच कमिटीच्या खुर्चीत बसवतात. हजेरी किती, दशांश दिला का, उपवास प्रार्थनेला आली का, साक्ष दिली का, मग बघू. आणि तुला पण माझं आभार मानणं तसंच वाटतंय, हो ना? की आई बिचारी फॉर्म भरतेय, चांगली दिसायचा प्रयत्न करतेय, म्हणजे वर मंजूर होईल. बाळा मी फॉर्म भरत नाहीये. मी त्या हॉलंडच्या बाईसारखी आहे, मला कुणी माझी लायकी न विचारता मशीनवर घेतलंय. माझ्या बाजूच्या खुर्चीवर पाथर्डीकडचा एक शेतकरी असतो, पहाटेची एसटी पकडून येतो, त्याच्या पलीकडे एक चाचा असतात, रमजानमध्ये सगळ्या स्टाफला खजूर वाटतात आणि आम्हा पेशंटना फक्त दाखवतात, खजुरात पोटॅशियम जास्त, ते आम्हाला चालत नाही ना. तिघांचं महात्मा फुले योजनेतनं चालतं, आता ती योजना पांढऱ्या कार्डाला पण लागू झालीय म्हणून माझं पण झालं. कुणाला कुणी विचारत नाही की तू कुठल्या देवाला मानतोस. चांगल्यावर आणि वाइटावर सूर्य उगवतो असं प्रभू म्हणाला ते मला त्या हॉलमध्ये बसून जेवढं कळलं तेवढं चाळीस वर्षांच्या प्रवचनांत कळलं नव्हतं, पाळक साहेबांना सांगू नकोस.

आभार कशाचे मानते ते विचारलंस ना, खरं सांगू, आजाराचे नाही मानत. एकदाही नाही मानले. ज्या बहिणी म्हणतात की ताई कॅन्सर हे माझ्यासाठी वरदान ठरलं, त्यांचं त्यांना, मला नाही जमत तसं बोलायला, ह्या आजाराला मी शत्रूच समजते. पण प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो ना, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तेवढं मी करते, आणि ते पण मोठं काही नसतं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून फिस्टुलाची थरथर लागते का बघायचं, ती लागली की म्हणते थँक्यू प्रभू, कारण ती बंद पडली तर परत ऑपरेशन, परत मानेत कॅथेटर. टेक्निशियन पोरगा पंचवीसचा पण नसेल, त्याचा हात हलका आहे, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते की त्याला दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी लागू नये, ही प्रार्थना चूक आहे हे मला माहीत आहे पण करते. पोटॅशियम ५ च्या आसपास आलं की थँक्यू. एका वेळेला मशीनमधनं साधारण १२० लिटर शुद्ध पाणी फिरतं माहितीय का तुला, आपल्या नगर जिल्ह्यात, जिथं उन्हाळ्यात बायका टँकरमागे पळतात, तिथं माझ्या एका खेपेला १२० लिटर, आणि मला प्यायला दिवसाला एक. हे आठवलं की आभार आणि लाज दोन्ही एकदम येतं.

आणि चर्चमधलं प्रभुभोजन. तो एवढासा पेला, औषधाच्या टोपणात मावेल एवढा रस, दिवसभराचं पाणी मी वहीत लिहून ठेवते, चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं. तो पेला लिहीत नाही. डाएटिशियननं विचारलं तर विचारू दे.

हंगामाच्या सणाची मात्र मजाच झाली ह्यावेळी. चर्चभर केळीचे घड, नारळ, टोमॅटो, बटाटे, संत्री, पालकाच्या जुड्या, वेदीपुढं एवढी आरास, आणि मी बसून हिशेब करतेय की ह्यातलं मी काय खाऊ शकते, तर जवळजवळ काहीच नाही. देवाच्या उपकाराच्या सगळ्या वस्तू पोटॅशियमनं गच्च भरलेल्या. पप्पांनी लिलावात जोरात बोली लावून केळीचाच घड घेतला, भाव केवढा चढवला विचारू नकोस, आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. शुगरमुळे त्यांनाही नको आणि मलाही नको. मग सोमवारी तो घड डायलिसिसच्या स्टाफला दिला.

(शुक्रवार. आज जरा क्रॅम्प आले, पाणी जास्त ओढलं त्यांनी, लिहायला उशिरा घेतलं.)

सगळे दिवस असे हसण्यावारी जात नाहीत, ते तुला माहीत आहे आणि मी लपवणार पण नाही. बीपी एकदम उतरतं, डोळ्यापुढं अंधारी येते, घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत माणूस पिळून काढल्यासारखं पडून राहतं, पप्पा खिचडी टाकतात आणि भाजी दोनदा उकळून पाणी फेकून दिलेली, चवीला कशी असते तू खाल्लीयस. त्या दिवशी मी स्तुतीची गाणी लावत नाही. त्या दिवशी ८८ वं स्तोत्र वाचते. बाकीच्या बहुतेक रडण्याच्या स्तोत्रांना शेवटी कुठंतरी वळण असतं, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे, ह्याला नाही, हे अंधारातच संपतं. ज्यांनी कुणी बायबल गोळा केलं त्यांनी ते काढून टाकलं नाही ह्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. तुला राग येतो म्हणालास ना, मग रागानंच बोल त्याच्याशी, ते स्तोत्र उघड आणि जसंच्या तसं म्हण. तुझ्या तोंडून खोटी स्तुती ऐकण्यापेक्षा त्याला ते चालेल असं मला वाटतं.

चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेचा विषय पण एकदाचा मिटवते, कारण तुझ्या त्या मित्रानं परत लिंक पाठवलीय. मी प्रार्थनेला कधी नाही म्हणत नाही, मंडळीतल्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना केली तेव्हा मी रडले पण. पण एका बाहेरगावच्या प्रचारकानं स्टेजवरनं सांगितलं होतं की मशीनवर जाणं म्हणजे अविश्वास, आणि ते ऐकून आमच्या सेंटरची एक पोरगी दोन खेपा आलीच नाही. तिसऱ्याला तिला स्ट्रेचरवरनं आणली, फुप्फुसात पाणी भरलेलं, ऑक्सिजनवर. वाचली. पण तो माणूस काही तिला बघायला आला नाही, तो पुढच्या गावी गेलेला. पौल असा नव्हता. त्याच्या हातनं लोक बरे व्हायचे, तरी तीमथ्याला लिहिताना सरळ सांगतो, माझा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. विश्वास कमी पडला असं काही नाही, आजारी होता, एवढंच. तीमथ्याला पण पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून सांगतो, जसं आपण ओवा घे म्हणतो. आणि स्वतःच्या अंगातला तो काटा काढ म्हणून पौलानं तीनदा विनवलं, निघाला नाही. गेथशेमानेत तर प्रभूनं स्वतः मागितलं, हा प्याला टळू दे. टळला नाही. म्हणजे मागून न मिळालेल्यांच्या रांगेत मी चांगल्या लोकांमागे उभी आहे.

मागण्यावरनं अजून एक. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाच्या केंद्राच्या लिस्टवर माझं नाव आहे, ब्रेनडेड माणसाच्या किडनीसाठी. महिला मंडळात दर वेळेला कुणीतरी प्रार्थना करतं, हे प्रभू, आमच्या बहिणीला लवकर किडनी मिळू दे, सगळ्या आमेन म्हणतात, माझ्या तोंडातनं आमेन निघत नाही. मी ट्रॉमा वॉर्डात काम केलंय. ती किडनी कुठनं येते मला माहीत आहे, हायवेवर हेल्मेट न घालता निघालेल्या कुणाच्या तरी पोरातनं येते, तुझ्या वयाच्या. लवकर मिळू दे म्हणजे काय मागतोय आपण? म्हणून मी वेगळं मागते. मी म्हणते, प्रभू कुणाला मारू नकोस माझ्यासाठी, पण जो जाणारच आहे त्याच्या आईला त्या घटकेला धीर दे, आणि तिनं हो म्हटलं तर तिला आयुष्यभर पश्चात्ताप होऊ देऊ नकोस. ती आई कोण आहे मला माहीत नाही, आज कुठंतरी भाजी चिरत असेल. तिच्यासाठी मी इतकी प्रार्थना केलीय की कधी कधी वाटतं ओळखते तिला.

मंडळीत परवा एका काकांनी विचारलं की अवयव दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशी शरीर अपुरं नाही का राहणार. मी म्हटलं काका, पहिल्या मंडळीतल्या रक्तसाक्षींना सिंहांनी खाल्लं, त्यांचं तो काय करणार आहे, तेच माझ्या किडनीचं करेल. हसले. मग मी त्यांना सांगितलं की भारतात पहिली यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट १९७१ मध्ये आपल्याच वेल्लोरच्या सीएमसीत झाली, ख्रिस्ती हॉस्पिटलात, तेव्हा कुणी हा प्रश्न काढल्याचं मी ऐकलेलं नाही. फॉर्म नेलाय त्यांनी, भरतील का नाही प्रभू जाणे.

तर तुझ्या किडनीचं परत. तुझी तपासणी एकदम क्लिअर आली तरी मी लगेच हो म्हणेन असं समजू नकोस, तेव्हा बसून बोलू, पप्पा, तू, मी आणि नेफ्रॉलॉजिस्ट, आणि मेघा पण. तिला सांगितलंयस का तू हे सगळं? नसेल तर सांग. चर्चमध्ये लग्नाची घोषणा, बान, वाचले जायच्या आधी सांग, हॉल बुक व्हायच्या आधी सांग. ती पोरगी समजूतदार वाटली मला, पण समजूतदार असली तरी तिचा हक्क आहे हे कळण्याचा, पोरंबाळं व्हायची असतील तर तोच ५० टक्क्यांचा प्रश्न तिच्या दारात येणार. तिच्या घरच्यांना तू एकट्यानं सांगू नकोस, मी आणि पप्पा येऊ, मी रविवारी मोकळी असते. ती नाही म्हणाली तर तिला वाईट म्हणायचं नाही. आजीला तिच्या सासरच्यांनी काही सांगितलं नव्हतं कारण त्यांना माहीतच नव्हतं, तुला माहीत आहे.

आता सरळ सरळ सूचना. येत्या शनिवारी जा, पुढच्या नको. आधी फोन करून अपॉइंटमेंट घे, पोटाची पूर्ण सोनोग्राफी सांग, सकाळी उपाशी जा आणि तासभर आधी पाणी पिऊन लघवी रोखून धर, तुला भरपूर पाणी प्यायची परवानगी आहे, पी. आईला पॉलिसिस्टिक आहे हे स्वतःहून सांग, नाहीतर ते घाईत बघतात. गाठी असल्या तर किती आहेत आणि किडनीचा साइज काय हे रिपोर्टमध्ये लिहायला सांग. घरात आजार असताना तुझ्या वयात दोन्ही मिळून तीन किंवा जास्त गाठी दिसल्या तर तो आजार धरतात. एकही नाही दिसली तर उड्या मारू नकोस, चाळिशीच्या आत साधी सोनोग्राफी पूर्ण खात्री देत नाही, डोनर व्हायचं तर एमआरआय लागेल, कदाचित जीनची टेस्ट. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घे. बीपी सकाळ संध्याकाळ आठवडाभर मोजून लिहून ठेव, मशीन मी मागच्या नाताळला दिलं होतं ते कपाटात पडलं असेल, सेल बदल.

रिपोर्ट आला की फोटो आधी मला पाठव, फॅमिली ग्रुपवर नको, पप्पांची शुगर चढते आणि मग ते रात्री दोनला उठून गूगल करतात. काहीही असलं तरी मी तुला त्याच दिवशी फोन करीन, उचल. प्रार्थना करायची इच्छा असली तर फोनवर करू, नसली तर नको, मी माझी करीन, तू नुसता लाइनवर थांब.

आणि येताना ते काजू बदामाचे बॉक्स आणू नकोस रे, तीनही आलेले तसेच पडलेत, त्यात फॉस्फरस जास्त, मला चालत नाही. आणायचं तर त्या टेक्निशियन पोरासाठी एखादा चांगला शर्ट आण, त्याची साइज ४० आहे, मी विचारून ठेवलीय.

तुझी,
आई